पप्पांचा 'ग्न्यानी'

आमच्या चर्चमध्ये मराठी मिस्साला दुसरं वाचन करायची पाळी महिन्यातून एकदा पप्पांची असायची. आदल्या संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुऊन ते बायबल घेऊन मागच्या पडवीत बसायचे आणि तो उतारा तीन-चारदा मोठ्यानं वाचायचे. ऐकून ऐकून आम्हालाही पाठ व्हायचा. मम्मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "पुरे आता, देवालासुद्धा कळलं असेल." पप्पा हसायचे आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे.

२९ जानेवारी २०२३. सामान्य काळातला चौथा रविवार. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि मराठीच्या तासाला शुद्धलेखन, प्रमाण उच्चार असलं सगळं नुकतंच ऐकून आले होते. दुसरं वाचन होतं संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं. पौल तिथे करिंथच्या ख्रिस्ती लोकांना आठवण करून देतो की बाबांनो, तुम्हाला देवानं बोलावलं तेव्हा तुमच्यात जगाच्या हिशेबानं ज्ञानी म्हणावेत असे फारसे कोणी नव्हते, बलवान नव्हते, मोठ्या घरचेही नव्हते. ज्ञानी म्हणवणाऱ्यांना खाली बघायला लावण्यासाठीच देवानं तुमच्यासारख्यांना निवडलं.

पप्पांनी 'ज्ञानी'चा उच्चार 'ग्न्यानी' केला. तो शब्द जितक्या वेळा आला तितक्या वेळा केला.

त्याचं कारण साधं आहे. आमच्या घरात कोकणी, बाजारात मराठी आणि पप्पांची सातवीपर्यंतची शाळा कन्नड. कन्नडमध्ये 'ज्ञान' वाचताना 'ग्न्यान' असंच ऐकू येतं. मराठी देवनागरी ते नंतर दुकानांच्या पाट्या आणि वर्तमानपत्रं वाचून शिकले. बेळगावात असं असलेली घरं ढिगानं आहेत. इथे कोणाच्या तोंडून कुठला शब्द कसा येतो यावरून त्याची शाळा, गल्ली, आजोळ सगळं ओळखतात आणि पुष्कळदा त्याहून जास्तच काही ठरवून मोकळे होतात. ते मला कळत होतं. तरी मी केलं ते केलंच.

मिस्सा सुटल्यावर आवारात आमचा यूथचा घोळका उभा होता. पप्पा आले तशी मी म्हणाले, "पप्पा, ग्न्यानी काय हो? द्न्यानी!" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सगळे हसले म्हणून मला चेव आला, आणि ते ओळीखाली बोट सरकवत जसं वाचतात तसं हातातल्या मिस्साच्या पत्रकावर बोट फिरवत मी त्यांची नक्कल केली. पुन्हा हसणं. पप्पाही हसले. "लई शहाणी झालीस की गं," म्हणाले आणि स्कूटर काढायला गेले.

पुढच्या महिन्याची यादी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी सांगितलं, जवळचं नीट दिसत नाही, माझी पाळी दुसऱ्या कोणाला द्या. त्यांना चष्मा होता. दोनच महिन्यांपूर्वी केलेला, नवा.

त्यानंतर त्यांनी वाचन केलेलं नाही.

पुढच्या वर्षी आमच्या पॅरिशमधल्या एका फादरांनी शनिवारी संध्याकाळी आम्हा चार-पाच जणांना ग्रीक अक्षरं शिकवायला घेतली. पुण्यात सेमिनरीत असताना ते शिकले होते. व्याकरण आम्हाला फारसं झेपलं नाही, पण अक्षरं आली, आणि शब्दकोश उघडून एखादा शब्द नव्या करारात कुठे कुठे येतो ते शोधण्याची गोडी लागली. कुठला शब्द बघूया, असं फादरांनी विचारलं तेव्हा मी लगेच म्हणाले, करिंथकरांच्या पत्रातला 'ज्ञानी'. का, ते सांगितलं नाही.

ग्रीकमध्ये तिथे 'सोफोस' आहे. नव्या करारात हा शब्द वीसेक वेळा येतो आणि त्यातल्या अकरा वेळा या एकाच पत्रात. म्हणजे बाकी सगळ्या पुस्तकांत मिळून जेवढं होत नाही तेवढं या एका पत्रात पौल 'सोफोस, सोफोस' करतो. मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत तर हे विशेषण एकदाही नाही. मग करिंथमध्येच असं काय झालं होतं?

झालं होतं ते आपल्याला फार ओळखीचं आहे. करिंथ हे बंदराचं, पैशाचं, येणाऱ्याजाणाऱ्यांचं शहर. तिथल्या छोट्याशा ख्रिस्तसभेत गट पडले होते. कोणी पौलाचे, कोणी अपुल्लोचे, कोणी केफाचे. यातला अपुल्लो आलेक्झांड्रियाचा, शिकलेला, बोलायला फर्डा. पौलाचं बोलणं मात्र लोकांना सुमार वाटायचं. त्याची पत्रं वजनदार, पण समोर उभा राहून बोलायला लागला की काही दम नाही, असं लोक म्हणत, हे त्यानं स्वतःच दुसऱ्या पत्रात लिहून ठेवलंय. वक्तृत्वात आपण अडाणी आहोत हेही तो तिथे मान्य करून टाकतो. तेव्हा करिंथमध्ये 'सोफोस' म्हणजे नुसता जास्त माहिती असलेला माणूस नव्हे. चारचौघांत ज्याचं बोलणं तुळतुळीत, ज्याची भाषा घासून पुसून आलेली, तो सोफोस. आणि ज्याला लोक भाषणावरून हसले, तोच पौल त्या शब्दाला कोपऱ्यात घेऊन पुन्हा पुन्हा विचारतोय, कुठे आहे तुमचा सोफोस?

हे वाचलं तेव्हा मला चर्चचं आवार आठवलं. आठवलं म्हणजे, विसरले कधीच नव्हते.

पण गंमत पुढे आहे. ज्या पत्रात 'सोफोस'ची एवढी खरडपट्टी काढलीय, त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल स्वतःला सोफोस म्हणवून घेतो, आणि तिथे टोमणा नाही. मी सोफोस 'आर्खितेक्तोन'सारखा पाया घातला, असं तो म्हणतो. आर्खितेक्तोन म्हणजे मुख्य गवंडी, बांधकामावरचा हेडमिस्त्री. इंग्रजीतला आर्किटेक्ट याच शब्दावरून आला, पण त्या काळचा हा माणूस एसी केबिनमधला नव्हे. 'तेक्तोन' म्हणजे सुतार किंवा बांधकाम करणारा कारागीर, त्यांच्यातला मुख्य तो आर्खितेक्तोन. या ठिकाणी 'ज्ञानी मिस्त्री' असा अर्थ घेतला तर विचित्र लागतो. कुशल, हाताला काम ठाऊक असलेला, असाच घ्यावा लागतो.

फादर म्हणाले, हाच जुना अर्थ. पौलानं नवीन काही केलेलं नाही. आणि त्यांनी मला होमरकडे पाठवलं.

इलियडच्या पंधराव्या सर्गात लढाईच्या धुमश्चक्रीत एक उपमा आहे. दोन्ही बाजूंचं बळ असं तोलून ताणलेलं होतं, जशी जहाजाच्या लाकडावर सुतारानं ताणून धरलेली दोरी. आणि हा सुतार कसा, तर अथीनाच्या कृपेनं सगळी 'सोफिया' जाणणारा. होमरमध्ये सोफिया हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो. म्हणजे ज्या शब्दातून पुढे फिलॉसॉफी निघाली, सॉक्रेटिस-प्लेटो निघाले, आमचे पेपर आणि इंटर्नल मार्क निघाले, तो शब्द ग्रीक साहित्यात पहिल्यांदा भेटतो तो एका तेक्तोनच्या हातात, दोरीबरोबर. पुढे अ‍ॅरिस्टॉटल सोफियाला सगळ्यात उंच आसनावर बसवतो खरा, पण बसवण्याआधी त्यालाही सांगावंच लागतं की आपण फिडियासला दगडकामातला सोफोस म्हणतो, पॉलिक्लिटसला मूर्तिकामातला.

आपला 'सुतार' शब्दही सुतावरूनच आला, सूत्रधारावरून. हे सुतावरून स्वर्ग गाठणं वाटेल, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

जुना करार ग्रीकमध्ये आला तेव्हाही हाच अर्थ बरोबर आला. निर्गम पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात देवाच्या मंडपाचं काम चाललंय. तिथे धातू, दगड, लाकूड घडवणाऱ्या बसालेलला देवानं सोफिया दिलीय. आणि ज्या बायकांनी आपल्या हातांनी सूत कातून आणलं त्यांनाही ग्रीक अनुवादात 'सोफे' म्हटलंय, सोफोसचं स्त्रीलिंग. चरख्यावरच्या, टकळीवरच्या बायका. मला बायबलमधली ज्ञानी स्त्री म्हटलं की शलमोनाच्या दरबारी आलेली शबाची राणी आठवायची. या सूत कातणाऱ्या बायांची नावंसुद्धा तिथे नाहीत.

आणि मग मार्कचा सहावा अध्याय. येशू गावी, नासरेथला येतो, शब्बाथाला सभास्थानात शिकवतो. ऐकणारे गावकरी चकित होतात. याला ही कसली सोफिया मिळाली? याच्या हातून अशी कामं कशी होतात? आणि लगेच, हा तो तेक्तोनच ना?

मी हा उतारा लहानपणापासून ऐकत आलेय. पण सोफिया आणि तेक्तोन हे दोन शब्द एका पाठोपाठ कधी ऐकले नव्हते. होमरला सुताराजवळ सोफिया असणं इतकं साहजिक वाटलं की त्यानं ती उपमेत वापरली. नासरेथच्या लोकांना मात्र सुताराजवळ सोफिया दिसली याचाच धक्का बसला. मधल्या सात-आठशे वर्षांत तो शब्द हातातून सुटून वर कुठेतरी डोक्यात आणि जिभेवर जाऊन बसला होता. नासरेथचे लोक ज्याच्याबद्दल बोलत होते तो त्यांच्याच गल्लीतला, ओळखीचा. ज्याच्या आईला, भावांना नावानं ओळखतो तो आपल्यासमोर उभं राहून वाचतो कसा, शिकवतो कसा, हाच त्यांचा राग.

आता पप्पांचं काम सांगितलं पाहिजे. ते सुतार आहेत, पण दारं-खिडक्या करणारे नव्हेत. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांना लागणारे लाकडी पॅटर्न ते बनवतात. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याच्या आकाराचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा घेतात, नमुना काढून घेतात आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. ऐकायला सोपं आहे. पण लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडाचा नमुना हव्या त्या मापापेक्षा थोडा मोठा करावा लागतो. बिडाला मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर. त्यासाठी पप्पांकडे वेगळी पट्टी आहे, कॉन्ट्रॅक्शन स्केल. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. तिसरीत असताना मी ती पट्टी शाळेत नेली होती आणि माझी सगळी मापं चुकली. "खोटी पट्टी आहे ही," म्हणून मी रडत आले. पप्पा म्हणाले, "खोटी नव्हं. आपल्याला उद्याचं माप आज घ्यायचं असतं."

शिवाय नमुन्याच्या उभ्या बाजूंना जरासा उतार द्यावा लागतो, नाहीतर बाहेर काढताना वाळू ढासळते. आतले कोपरे गोल भरावे लागतात. ड्रॉइंग सगळं इंग्रजीत असतं. पप्पांना इंग्रजी वाक्य वाचता येत नाही, पण ड्रॉइंग समोर धरलं की तीन बाजूंच्या तीन सपाट चित्रांवरून ती वस्तू त्यांना अख्खी दिसते, आतून पोकळ कुठे आहे तेसुद्धा. मला कधी दिसली नाही. मी प्रयत्न केलाय.

'सोफोस'चे बाकीचे अर्थही मी वहीत उतरवत गेले. सहाव्या अध्यायात पौल चिडून विचारतो, भावाभावांतला तंटा मिटवू शकेल असा एकही सोफोस तुमच्यात नाही काय, की कोर्टात जाता? तिथे तो पंच झाला. मत्तयमध्ये येशू पित्याचे आभार मानतो की या गोष्टी सोफोस लोकांपासून झाकून बाळांना दाखवल्या. नाताळच्या नाटकातले आपले तीन ज्ञानी पुरुष मात्र सोफोस नव्हेतच. मत्तय त्यांना 'मागोई' म्हणतो, तारे बघणारे, आणि ते तीन होते असंही कुठे म्हणत नाही. (दरवर्षी तिसऱ्या राजाच्या झग्यावरून भांडणं होतात, म्हणून सांगितलं.) सापासारखे व्हा म्हणताना किंवा दिव्यात तेल भरून ठेवणाऱ्या पाच मुलींना येशू जो शब्द वापरतो तो वेगळा, 'फ्रोनिमोस'. प्रसंग ओळखून वागणारा, सावध. त्याला मराठीत 'शहाणा' बरोबर बसतो, कारण पौल तोच शब्द उपरोधानंही वापरतो, जसं आपण 'दीडशहाणा' म्हणतो. आणि आपली आजी वयात आलेल्या मुलीला 'शहाणी झाली' म्हणायची. ती छटा ग्रीकमध्ये मला कुठे सापडली नाही. आपल्या रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगून झाल्यावर 'पढतमूर्ख' असा वेगळा समास लिहिलाय. पौलाच्या हातात तो पडला असता तर करिंथला पाठवून दिला असता.

याकोबाच्या पत्रापाशी आले तेव्हा मात्र पेन खाली ठेवलं. तिसऱ्या अध्यायात याकोब आधी जिभेबद्दल लिहितो. एवढासा अवयव, पण केवढं रान पेटवतो. आणि लगेच पुढे विचारतो, तुमच्यात सोफोस कोण आहे? असेल त्यानं ते वागण्यातून दाखवावं, सोफियेतून येणाऱ्या सौम्यपणानं.

तोपर्यंत मी हे सगळं भाषेचा अभ्यास म्हणून करत होते, निदान स्वतःला तसं सांगत होते.

अजून एक गोष्ट कळली, आणि ती मला फादरांनी नाही, आमच्याच भाषाविज्ञानाच्या पेपरनं शिकवली. संस्कृतातला 'ज्ञा' हा धातू, ग्रीकमधला 'ग्नोसिस' आणि इंग्रजीतला 'नो' हे एकाच मूळ धातूचे. इंग्रजीत तर ते जुनं 'के' अजून लिहितात, बोलत नाहीत. संस्कृतात तो आवाज 'ज' झाला, मराठीत त्या जोडाक्षराचा 'द्न्य' झाला, हिंदीत 'ग्य', कन्नडमध्ये 'ग्न्य'. म्हणजे माझा 'द्न्यानी' मुळातला नव्हेच. आणि पप्पांचा 'ग्न्यानी' ऐकायला पौलाच्या 'ग्नोसिस'ला माझ्यापेक्षा जवळचा.

चर्चमधल्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. त्यामुळे तोच उतारा या वर्षी पुन्हा आला, १ फेब्रुवारीला, चौथ्याच रविवारी. आता वाचकांची यादी मीच करते. मी पप्पांना विचारलं. त्यांनी मान हलवली. "तू वाच."

शनिवारी संध्याकाळी मी बायबल घेऊन पडवीत गेले. ते तिथे पॉलिशपेपरनं एक छोटा नमुना घासत बसले होते. मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली. सोफोस, तेक्तोन, होमरचा सुतार, दोरी. ते घासत घासत ऐकत होते. दोरी म्हटल्यावर थांबले. "जहाजाच्या लाकडाला दोरी? रंग लावून मारायची, का नुसती ताणून?" मला माहीत नव्हतं. "बघून सांग," म्हणाले. मग मी 'ग्न्यानी'चं सांगितलं, ग्नोसिस वगैरे. ते माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे मी बरोबर होतो?"

"तसं नाही. म्हणजे... दोघंही बदललेलंच बोलतो. पण तुमचं चुकीचं नव्हतं."

"हां," म्हणाले, आणि बोटानं नमुन्याची कड तपासली. मी म्हणाले, "पप्पा, त्या दिवशी मी तुमची नक्कल करायला नको होती." हे वाक्य मी तीन वर्षं मनात घोळवलं होतं आणि शेवटी ते पॉलिशपेपरच्या आवाजात अर्धं बुडालं. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "वाच बघू एकदा. मोठ्यानं."

मी वाचलं. त्यांनी दोनदा थांबवलं. "पळू नको. मागच्या बाकावरची म्हातारी माणसं असतात, त्यांना पोचायला वेळ लागतो." आणि दुसऱ्यांदा, "ओळीवर बोट ठेव. वर बघून खाली आलीस की जागा चुकत नाही."

रविवारी मी ओळीवर बोट ठेवून वाचलं. 'ज्ञानी' आला तेव्हा तोंडातून 'द्न्यानी'च आलं. दुसरं काही येईना. पप्पा डावीकडच्या चौथ्या बाकावर होते, डोळे मिटून, नेहमी वाचनाच्या वेळी बसतात तसे.

बाहेर आल्यावर म्हणाले, "चांगलं झालं. शेवटचं वाक्य खाल्लंस."

मार्चची यादी माझ्या टेबलावर आहे. तिसऱ्या रविवारच्या दुसऱ्या वाचनापुढे मी अजून कोणाचंच नाव घातलेलं नाही.